कादंबरीला उद्या दिसतो का?



सर्वप्रथम, तुम्ही घरून निघून, वाहतुकीतून वाट काढत या सभागृहात आलात, याबद्दल आभार. हे उपचाराचे आभार नाहीत. ते का नाहीत, हे थोड्या वेळाने एका बाईंची गोष्ट सांगेन तेव्हा लक्षात येईल.

ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावाला कादंबऱ्यांची गोडी लावली. म्हणून आज लोकप्रिय कादंबरीबद्दल, त्यातही उद्याच्या भयंकर समाजाचे चित्र रंगवणाऱ्या कादंबरीबद्दल बोलायचे ठरवले. प्रश्न साधा आहे. या कादंबऱ्यांना पुढे येणारा काळ आधी दिसतो का? आपण कसे राहू, कसे बोलू, काय विसरू, याची चाहूल त्यांना आपल्याआधी लागते का?

अमक्याने अमक्या साली मोबाइल लिहून ठेवला होता, तमक्याने करोना आधीच सांगितला होता, असे संदेश तुमच्याही फोनवर येत असतील. त्यांची पद्धतच मुळात चुकीची आहे. लागलेले नेम मोजायचे आणि हुकलेले सोडून द्यायचे, असा हिशेब केला तर कोणीही भविष्यवेत्ता ठरेल. म्हणून हुकलेल्यांपासून सुरुवात करू.

एडवर्ड बेलामी नावाच्या अमेरिकन लेखकाची ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही कादंबरी 1888 साली आली आणि तुफान खपली. बोस्टनचा एक तरुण 1887 मध्ये झोपतो आणि 2000 साली जागा होतो. तो बघतो तर लोक दुकानात कार्ड दाखवून माल घेताहेत. बेलामीने शब्दही वापरला आहे ‘क्रेडिट कार्ड’. वाचताना अंगावर काटा येतो. पण पुढे वाचत जा. त्याच्या 2000 सालात गरिबी संपलेली आहे, स्पर्धा संपलेली आहे, सगळे उद्योग राष्ट्राच्या मालकीचे आहेत. घरोघरी संगीत आहे. पण ते कसे, तर सभागृहात वादक दिवसरात्र पाळीपाळीने वाजवत बसतात आणि ते टेलिफोनच्या तारेवरून घरी ऐकू येते. एडिसनचा फोनोग्राफ 1877 मध्येच झाला होता, तरी एकदा वाजवलेले साठवून ठेवता येईल हे बेलामीच्या मनात आले नाही. कार्ड दिसले, तबकडी दिसली नाही. समता तर आलीच नाही.

ज्यूल व्हर्न आपल्या ओळखीचा. भा. रा. भागवतांनी त्याला मराठी मुलांच्या घरी आणून बसवले. याच व्हर्नने 1863 साली ‘विसाव्या शतकातले पॅरिस’ ही कादंबरी लिहिली. कथेचा काळ 1960. त्यात वायूवर चालणाऱ्या गाड्या आहेत, विजेचे दिवे आहेत, दूरवर कागदाची नक्कल पाठवणारे यंत्र आहे. त्याच्या प्रकाशकाने हस्तलिखित परत केले. हे कोणाला पटणार नाही, असे त्याचे म्हणणे पडले. ते छापले गेले 1994 मध्ये. आता गंमत पाहा. इतकी यंत्रे असलेल्या त्या शहरातल्या पेढीत हिशेब मात्र भल्यामोठ्या खातेवहीत हाताने लिहिला जातो! यंत्रांच्या बाबतीत व्हर्न निम्मा बरोबर, निम्मा चूक. मात्र त्या कादंबरीचा नायक कवी आहे. लॅटिन कवितेसाठी त्याला बक्षीस मिळते, तेव्हा टाळ्यांऐवजी त्याची टर उडवली जाते. पुढे तो दुकानात ह्यूगोची पुस्तके मागतो, तर तिथे ह्यूगोचे नावही कोणाला माहीत नसते. अभियंत्यांच्या आणि पेढीवाल्यांच्या जगात कविता शिकलेल्या मुलाला नोकरी द्यायची कुठे, हे कोणाला कळत नाही. ही गोष्ट नेमकी लागली. कला शाखेला प्रवेश घेतलेल्या कुठल्याही मुलाला विचारा.

माझ्या म्हणण्याचे सूत्र इथे सापडते. कादंबरीकाराला उद्याचे यंत्र क्वचित दिसते. त्याला दिसते ती सवय. त्याच्या भोवती, त्याच्याच काळात ती सवय कोपऱ्यात कुठेतरी रुजत असते. इतरांना ती क्षुल्लक वाटते. तो ती उचलतो, ताणतो आणि विचारतो, हे असेच वाढत गेले तर?

येवगेनी झाम्यातिन हा रशियन जहाजबांधणी अभियंता. 1916 मध्ये तो इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला गेला, रशियासाठी बर्फ फोडणारी जहाजे बांधून घ्यायला. तो काळ टेलर या अमेरिकन अभियंत्याच्या पद्धतीचा. कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजायच्या, फालतू हालचाल काढून टाकायची. रशियात परतल्यावर क्रांतीनंतर झाम्यातिनला दिसले की भांडवलदाराचे हे घड्याळ नव्या राज्यकर्त्यांनाही तितकेच आवडले आहे. 1920-21 मध्ये त्याने ‘आम्ही’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. सगळ्यांची घरे काचेची. एकाच क्षणी लाखो लोक उठतात, एकाच क्षणी घास तोंडात घालतात. पडदे सोडायला परवाना लागतो, तोही ठरावीक तासांपुरता. ही कादंबरी 1924 मध्ये इंग्रजीत आली; खुद्द रशियात ती छापली गेली 1988 मध्ये. ऑर्वेलने 1946 च्या जानेवारीत तिचे परीक्षण लिहिले, आणि पुढे ‘नाइन्टीन एटी-फोर’ लिहिताना ती त्याच्या मनात होती.

आता मला सांगा, काचेची घरे आली का?

शहरातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या गेटवर सकाळी साडेसातला पंधरा मिनिटे उभे राहा. घरकामाच्या मावशी येतात. वॉचमनच्या केबिनपाशी आपला कोड सांगतात. तो मोबाइलवर आकडे दाबतो. त्याच क्षणी नवव्या मजल्यावरच्या वहिनींच्या फोनवर सूचना वाजते, मावशी आत आल्या. जाताना पुन्हा. महिनाअखेरीला किती दिवस आल्या, किती खाडे, कोणत्या दिवशी किती वाजता, सगळे ॲपमध्ये. त्यांच्या नावापुढे तारे असतात; कोणी पाच दिलेले, कोणी तीन. बाराव्या मजल्यावर नवीन राहायला आलेली मंडळी ते तारे बघून ठरवतात, बाई ठेवायची की नाही. मावशींना मात्र वहिनींपुढे तारे लावता येत नाहीत. पगार वेळेवर होतो का, उरलेले अन्न देतात की ताजे, लिफ्ट कोणती वापरायला लावतात, याची नोंद कुठेच नाही.

झाम्यातिनची काच इथे आहे. पण त्याने कल्पिलेल्या काचेतून सगळे सगळ्यांना दिसत होते. आपली काच एका बाजूनेच पारदर्शक आहे, आणि ती कुठल्या हुकूमशहाने बसवलेली नाही. सर्वसाधारण सभेत ठराव मांडून, सुरक्षिततेच्या नावाखाली, टाळ्या वाजवून बसवली आहे. मला यात फार दुःख वाटते, कारण ठराव करणारी माणसे वाईट नसतात. ती आपल्यासारखीच असतात. आपणच असतो.

आता त्या बाईंची गोष्ट.

ई. एम. फॉर्स्टर यांनी 1909 च्या नोव्हेंबरमध्ये ‘द मशीन स्टॉप्स’ ही दीर्घकथा प्रसिद्ध केली. 1909 साल डोळ्यांसमोर आणा. टेलिफोन होता, पण रेडिओचे कार्यक्रम सुरू व्हायला अजून दहा-अकरा वर्षे होती. या कथेत माणसे जमिनीखाली राहतात, प्रत्येकाला षट्कोनी खोली. व्हाश्टी नावाच्या बाई खुर्चीत बसलेल्या आहेत. हाताशी बटणे. अन्नाचे बटण, संगीताचे, कपड्यांचे, अंघोळीच्या पाण्याचे. त्यांच्या ओळखी हजारो आहेत. मुलगा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. तो बोलावतो तेव्हा त्यांच्या हातातली गोल तबकडी निळसर उजळते आणि तिच्यात त्याचा चेहरा दिसतो. मुलगा म्हणतो, आई, मला तुला प्रत्यक्ष भेटायचे आहे. त्यांना कळत नाही, दिसतोय की चेहरा, अजून काय पाहिजे? चेहरा दिसतो खरा, पण तबकडीत चेहऱ्यावरच्या बारीक छटा उतरत नाहीत. मुलगा उदास आहे असे त्यांना वाटते, पण खात्री होत नाही. आणि त्यांना वेळही नाही, कारण त्यांचे व्याख्यान आहे. विषय संगीताचा इतिहास. व्याख्यात्या आपल्या खोलीत, श्रोते आपापल्या खोलीत, व्याख्यान दहा मिनिटांचे.

2020 आणि 2021 मध्ये आपल्याकडच्या व्याख्यानमाला कशा झाल्या, आठवा. मी घरातल्या टेबलाशी बसून बोललो. समोर छोटे चौकोन, त्यातले बरेच काळे. एखादी गोष्ट सांगताना समोरच्या ओळीतल्या आजोबांनी मान हलवली की वक्त्याचा सूर सापडतो. त्या चौकोनांत मान दिसत नव्हती. म्हणून सुरुवातीला आभार मानले.

पण फॉर्स्टरला खरी गोष्ट दिसली ती तबकडीच्या पलीकडची. त्या जगात माणसे एकमेकांना शिवत नाहीत. व्हाश्टीबाई विमानप्रवासात तोल जाऊन पडता पडता राहतात, तिथली सेविका त्यांना हात देऊन सावरते, आणि बाई संतापतात: अंगाला हात लावलाच कसा? पुढे त्या जगातला एक विद्वान उपदेश करतो की स्वतः पाहून, स्वतः अनुभवून झालेल्या कल्पनांपासून सावध राहा. दहाव्या तोंडून ऐकलेली कल्पना सर्वांत शुद्ध. इतक्या तोंडांतून फिरल्यावर तिच्यातला डोळ्यांनी पाहिल्याचा धसमुसळेपणा निघून गेलेला असतो! आज आपण पुस्तक वाचत नाही, त्याचा सारांश वाचतो. सारांशही नको, त्यावरचा व्हिडिओ पाहतो. व्हिडिओही लांब वाटला तर त्याचे तीन मुद्दे यंत्राकडून काढून घेतो. हा विद्वान आज कुठेही सल्लागार म्हणून रुजू होईल.

फॉर्स्टरचे आपल्याशी नाते आहे. 1921 मध्ये ते देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव होते. त्या मराठा संस्थानात त्यांनी गोकुळाष्टमीचा उत्सव पाहिला. गर्दी, गोंगाट, अंगाला अंग, घाम, नाच, चिखल. सारे त्यांना चक्रावून टाकणारे होते. पण त्यांच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीचा शेवटचा भाग उभा आहे तो या उत्सवावर. शिवाशिवीविना जगणाऱ्या व्हाश्टीबाईंची गोष्ट लिहिणारा माणूस बारा वर्षांनी अशा गर्दीत उभा होता, आणि तिथे त्याला जे मिळाले ते कुठल्याही निळ्या तबकडीत मावणारे नव्हते.

रे ब्रॅडबरीकडे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे. महाविद्यालयात न गेलेला, ग्रंथालयात बसून शिकलेला हा लेखक. त्याने ‘फॅरनहाइट 451’ लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या तळघरात टंकलिहिली, तिथल्या भाड्याच्या टंकयंत्रांवर, अर्ध्या तासाला दहा सेंट टाकून. कादंबरी 1953 ची. त्यात अग्निशामक दल आग विझवत नाही, पुस्तके जाळते. एवढे सर्वांना माहीत असते, आणि म्हणून ही कादंबरी सरकारी दडपशाहीची आहे असे आपण धरून चालतो. पण दलाचा प्रमुख नायकाला इतिहास सांगतो तो भाग नीट वाचा. तो म्हणतो, हे सरकारने सुरू केले नाही. आधी लोकांनी वाचणे सोडले. अभिजात ग्रंथ पंधरा मिनिटांच्या नभोनाट्यात बसवले, मग दोन मिनिटांत वाचून होईल इतके छाटले, शेवटी शब्दकोशातल्या दहा-बारा ओळी उरल्या. कोणाचे मन दुखू नये म्हणून हे काढले, ते काढले. ज्वाला आल्या त्या अगदी शेवटी.

आणि नायकाची बायको, मिल्ड्रेड. रात्री अंधारात ती डोळे उघडे ठेवून पडली आहे, कानांत शिंपल्यासारखे चिमुकले रेडिओ घालून. दिवाणखान्याच्या तीन भिंतींवर चित्रवाणी आहे, चौथीवरही हवी म्हणून हट्ट आहे, आणि त्या भिंतीची किंमत नवऱ्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. भिंतीवरच्या नाटकात एका पात्राचे संवाद मुद्दाम गाळलेले असतात. वेळ आली की सगळी पात्रे तिच्याकडे वळून बघतात आणि ती आपले वाक्य म्हणते. तिला वाटते, आपणही त्यांच्यातलेच. दहा वर्षांपूर्वी आपण दोघे पहिल्यांदा कुठे भेटलो, हे मात्र नवरा-बायको दोघांनाही आठवत नाही. एके रात्री ती झोपेच्या गोळ्यांची अख्खी बाटली घेते. डॉक्टर येत नाहीत. यंत्र घेऊन दोन कामगार येतात, पोट साफ करतात, रक्त बदलतात आणि निघताना सांगतात की अशा केसेस रात्रीला नऊ-दहा होतात. ब्रॅडबरीची सगळी दूरदृष्टी मला या एका प्रसंगात दिसते. कानातल्या रेडिओचे काय, तो कोणालाही सुचला असता. एकटेपणा इतका नित्याचा होईल की त्याच्यासाठी डॉक्टरसुद्धा लागणार नाही, हे त्याने पाहिले.

याच कादंबरीची शाळांसाठी आवृत्ती निघाली, तेव्हा प्रकाशकांनी तिच्यातलेच शब्द आणि उतारे गाळले, बदलले. कित्येक वर्षे लेखकाला पत्ता नव्हता. विद्यार्थ्यांनी पत्रे लिहिली म्हणून कळले. आणि 2009 च्या जुलैत काय घडले? अमेरिकेत अनेकांच्या किंडलवरून विकत घेतलेली ‘नाइन्टीन एटी-फोर’ ची प्रत रातोरात नाहीशी झाली. ज्याने ती ई-आवृत्ती विकायला ठेवली होती त्याच्याकडे हक्क नव्हते, म्हणून ॲमेझॉनने ती परस्पर काढून घेतली. एका विद्यार्थ्याने त्या पानांना जोडून केलेली टिपणेही निरुपयोगी झाली. पैसे परत मिळाले, कंपनीने माफीही मागितली. कारण कायदेशीर, वागणूक सभ्य. पण ज्या कादंबरीत नको असलेले कागद भिंतीतल्या भोकात टाकून नष्ट करतात, तीच कादंबरी वाचकाच्या उशाशी ठेवलेल्या यंत्रातून गेली.

ऑर्वेलबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकले असेल. बिहारमधल्या मोतिहारीचा जन्म, टेलिस्क्रीन, मोठा भाऊ. त्यातले काही मी पुन्हा सांगत नाही. एकच गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. ‘नाइन्टीन एटी-फोर’ मधली ज्यूलिया, नायकाची प्रेयसी, कुठे काम करते? कथाविभागात. तिथे कादंबऱ्या लिहिणारी यंत्रे आहेत आणि ही मुलगी त्यांची देखभाल करते. हातांना तेल, हातात पाना. सामान्य लोकांसाठी स्वस्त कादंबऱ्या या यंत्रांतून निघतात. कथानके मोजून सहा, तीच आलटूनपालटून. गाणीसुद्धा यंत्रच जुळवते. हे 1949 साली छापले गेले. 2023 च्या फेब्रुवारीत ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या विज्ञानकथांच्या प्रसिद्ध मासिकाने कथा स्वीकारणे काही काळ बंद केले, कारण यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा पूर आला होता. त्याच वर्षी हॉलिवूडचे पटकथालेखक 148 दिवस संपावर होते आणि त्यांच्या मागण्यांत यंत्राच्या लेखनावर मर्यादा घालण्याची मागणी होती. लोकप्रिय कादंबरीने आपल्या स्वतःच्या जातीचे भविष्य इतके स्पष्ट सांगितल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

पण त्या कादंबरीत एक चाळीतली बाई वाळत घातलेल्या लंगोटांजवळ उभी राहून यंत्राने जुळवलेले तेच टुकार गाणे गाते, आणि इतके मनापासून गाते की ते सुंदर वाटू लागते. ऑर्वेलने हे मुद्दाम लिहिले आहे. यंत्राचे गाणेही शेवटी माणसाच्या गळ्यातूनच यावे लागले.

यापुढचा प्रश्न अवघड आहे. या कादंबऱ्या इशारा देतात, की रस्ता दाखवतात? नील स्टीफन्सनच्या ‘स्नो क्रॅश’ मध्ये, 1992 साली, मेटाव्हर्स ही काल्पनिक नगरी आली. त्या कादंबरीतली अमेरिका मोडकळीला आली आहे. नायक सामान ठेवायच्या भाड्याच्या गाळ्यात राहतो, आणि म्हणूनच तो त्या काल्पनिक नगरीत जाऊन बसतो. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये फेसबुकने आपल्या कंपनीचे नाव त्या दिशेने बदलून ‘मेटा’ केले. गाळा विसरला, नगरी घेतली. पैसेवाला वाचक भयकथेतली भीती बाजूला ठेवून तिच्यातली वस्तू उचलतो, हे आपल्याला लक्षात ठेवावे लागेल.

उलट मार्गरेट ॲटवूड. ‘द हँडमेड्स टेल’ 1985 ची. तिने स्वतःला नियम घातला होता की इतिहासात कुठे ना कुठे घडलेले नाही असे काहीही कादंबरीत घालायचे नाही. स्त्रियांच्या गर्भाशयावर राज्यसत्तेचा ताबा, शिक्षणबंदी, पोशाखाची सक्ती, सगळे आधी घडलेले. 2017 मध्ये टेक्सासच्या विधानभवनात कादंबरीतल्या स्त्रियांसारखे तांबडे झगे आणि पांढऱ्या टोप्या घालून बायका निमूट बसल्या. 2018 मध्ये अर्जेंटिनातही. त्या बायकांना बोलावेसुद्धा लागले नाही. कादंबरीने त्यांना निषेधाचा पोशाख दिला होता. तरी 2022 च्या जूनमध्ये अमेरिकेत गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला. कादंबरी तो थांबवू शकली नाही.

आता आपल्याकडे या. मराठीत विज्ञानकथा आहे. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये टोपणनावाने स्पर्धेला कथा पाठवली आणि पुढे एक अख्खी परंपरा उभी केली. पण माझ्या मते मराठीत पुढचा काळ सर्वांत आधी पाहिला तो 1933 च्या एका कथासंग्रहाने, आणि त्यात एकही यंत्र नाही. ‘कळ्यांचे निःश्वास’, लेखिका विभावरी शिरूरकर. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, मिळवू लागल्या. आणि मग? आईबापांना त्यांच्या पगाराची सवय झाली. लग्नाचा विषय पुढे ढकलला जाऊ लागला. त्या मुलींना शरीर आहे, इच्छा आहेत, हे या पुस्तकाने सांगितले आणि महाराष्ट्रात वादळ उठले. चर्चा कशावर? तर हे नाव कोणाचे, ही बाई कोण, यावर. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर, मुलींना शिकवणाऱ्या शिक्षिका. त्यांनी भविष्य वर्तवलेच नव्हते. समोरच्या वर्गात, घरात, वसतिगृहात जे चालले होते तेवढे लिहिले होते. आज नव्वद वर्षांनंतर मिळवत्या मुलीच्या पगारावर हक्क कोणाचा, हा प्रश्न लग्नाच्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी हळूच विचारतोच.

झाम्यातिन जहाजाच्या गोदीत उभा होता, मालतीबाई वर्गात. दोघांकडेही दुर्बीण नव्हती.

म्हणून या सभागृहातल्या लिहिणाऱ्या मुलामुलींकडे माझे एक मागणे आहे. मला त्या गेटवरच्या मावशींची कादंबरी वाचायची आहे. त्यांनी एक सोसायटी सोडून दुसरीत काम धरले तर त्यांचे तारे बरोबर जातात का? तीन तारे दिले त्या वहिनींना त्या ओळखतात का? खाड्याच्या दिवशी मुलगा तापाने फणफणला होता, हे ॲपमध्ये कुठल्या रकान्यात लिहायचे? आणि त्यांची मुलगी, जी त्याच सोसायटीत शिकवणीला येते, ती कोणत्या लिफ्टने वर जाते? साडेसातला गेटवर जा, विचारा आणि लिहा.